‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’

ऑनलाइन फ्रीलान्स लेखन, म्हणजे कोणाच्याही हजेरीपटावर नाव नसताना इंटरनेटवरून मिळवलेले आणि इंटरनेटवरूनच पोचते केलेले शब्दांचे काम, हा व्यवसाय आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नसून तालुक्याच्या गावांतही रुजला आहे. आणि ज्या व्यवहारात माल आधी जातो, दाम मागाहून येतो व देणारा-घेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, त्या प्रत्येक व्यवहारात जे घडत आले तेच याही व्यवसायात घडते, म्हणजे काही ग्राहक पैसे बुडवतात. बुडवणे जुनेच आहे. नवे आहे ते त्यातले सौजन्य. पूर्वीचा बुडव्या सावकार दिसताच मागच्या गल्लीने जात असे. आजचा बुडव्या लेखकाला रोज सकाळी ‘सुप्रभात’चा संदेश पाठवतो, त्यात सूर्यफूल असते, सुविचार असतो, पैशांचा उल्लेख तेवढा नसतो.

या लेखनाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. गुडघेदुखीवरील घरगुती उपाय, म्युच्युअल फंडांची तोंडओळख, दंतवैद्याच्या वेबसाइटसाठी ‘रूट कॅनालला घाबरू नका’ अशा विषयांवर, गुगलवर शोधणाऱ्याला आपलेच पान आधी दिसावे या बेताने ठरावीक शब्द ठरावीक वेळा पेरून लिहिलेल्या मजकुराला धंद्यात ‘कंटेंट’ म्हणतात, आणि तो शब्दांवर मोजून विकला जातो. शब्दाला चाळीस पैसे, साठ पैसे, ग्रह अनुकूल असतील तर रुपया-दीड रुपया असा भाव असल्यामुळे, ‘करतात’ एवढ्याने भागत असताना लेखक ‘करण्यात येत असते’ असे का लिहितो, याचे उत्तर व्याकरणात नसून अर्थशास्त्रात सापडते.

बुडवणारा ग्राहक ओळखण्याची खूण नवखे लेखक चुकीच्या ठिकाणी शोधतात. साठ पैशांचा भाव पन्नासवर आणण्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटतो. वास्तविक घासाघीस करणाऱ्याच्या मनात निदान पैसे देण्याचा विचार तरी असतो, आणि म्हणूनच त्याला दहा पैशांची फिकीर पडलेली असते. याउलट जो ग्राहक दर ऐकताच ‘नो इश्यू मॅम, क्वालिटी महत्त्वाची’ असे म्हणतो, त्याच्याबाबत जपून राहिलेले बरे, कारण रक्कम द्यायचीच नसली की ती कितीही मोठी असली तरी परवडते. दुसरी खूण भविष्याची. हा ग्राहक आजच्या एका लेखाबद्दल फारसे बोलत नाही. तो महिन्याला पन्नास लेखांबद्दल, ‘लाँग टर्म’ संबंधांबद्दल आणि लवकरच सुरू होणाऱ्या दोन नव्या वेबसाइटींबद्दल बोलतो, आणि या पन्नास लेखांच्या आशेवर लेखक आजच्या लेखाचा आगाऊ पैसा मागायचे टाळतो. कोल्हा काकडीला राजी म्हणतात. येथे तर काकडीही पुढल्या हंगामाची असते.

पुढची पायरी नमुन्याची. ‘ट्रायल आर्टिकल’ म्हणजे काम देण्याआधी लेखकाची पात्रता तपासण्यासाठी फुकट लिहून घेतलेला लेख, अशी तिची व्याख्या करता येईल. दहा उमेदवारांना दहा वेगवेगळे विषय द्यावेत, दहा लेख आले की ‘आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असे दहा संदेश पाठवावेत, आणि त्याच आठवड्यात दहा पानांची वेबसाइट सुरू करावी, ही युक्ती इतकी सोपी आहे की ती कोणी शोधून काढली असेल असे वाटत नाही. ती आपोआपच सुचत असावी. सगळ्या उमेदवारांना एकच विषय मिळाला असेल तर ती परीक्षा आणि प्रत्येकाला निराळा मिळाला असेल तर ती वेठ, एवढा भेद लक्षात ठेवला तरी पुरे; मात्र उमेदवारांची आपसात ओळख नसल्याने तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

काम मिळाल्यानंतर आणि पोचते होईपर्यंतचा काळ लेखकाच्या आयुष्यातला अत्यंत मानाचा असतो. ग्राहक रात्री एक वाजता ‘अर्जंट आहे’ म्हणून संदेश पाठवतो, सकाळी सात वाजता ‘झालं का?’ म्हणून विचारतो, आणि दोन निळ्या खुणा उमटण्यास, म्हणजे संदेश वाचला गेल्याची व्हॉट्सॲपची पावती मिळण्यास, क्षणाचाही विलंब लागत नाही. गुगल डॉकवर मजकूर चढला की दोनदा, तीनदा, चारदा फेरफार सुचवले जातात. शीर्षक बदलते, मग मूळ शीर्षकच बरे होते असे ठरते. या साऱ्यात कुरबुर न करणाऱ्या लेखकाचे ‘प्रोफेशनल’ म्हणून कौतुक होते आणि ते त्याला खरे वाटते. त्यानंतर तो इन्व्हॉइस, म्हणजे देयक पाठवतो, आणि व्यवहाराची भाषा एकाएकी भाववाचक होते. ‘ओके.’ ‘नोटेड.’ ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे.’

ही प्रोसेस नेमकी कोठे चालते, हा विषय संशोधनास योग्य आहे. प्रत्येक बुडव्या ग्राहकाकडे ‘अकाउंट्स’ नावाचा एक विभाग असतो, त्याच्याकडे बिल गेलेले असते, आणि तेथील माणूस रजेवर असतो. एजन्सी दोन माणसांची असेल, कार्यालय एकाच्या सासऱ्याच्या गाळ्यात असेल, तरी अकाउंट्स विभाग असतोच; किंबहुना एजन्सी जितकी लहान तितका तो विभाग दूर आणि दुर्गम असतो. पैसे देण्याचा वार सोमवार, पण कोणता सोमवार हे त्या वारात अंतर्भूत नसते. मार्चमध्ये वर्षअखेर असते, एप्रिलमध्ये नवी खाती उघडायची असतात, मेमध्ये साहेब गावी असतात आणि ज्या फोनवर ओटीपी येतो तो त्यांच्याबरोबर गावी असतो, पावसाळ्यात बाजार थंड असतो, पितृपक्षात नवे काही करायचे नसते (थकबाकी हे फार तर जुने काम आहे, ही शंका कोणी काढत नाही), आणि दिवाळीत कर्मचाऱ्यांचा बोनस असतो. हे पंचांग इतके सर्वसमावेशक आहे की त्यात पैसे देण्यास योग्य असा मुहूर्त आढळत नाही.

यातले सगळेच ग्राहक लबाड असतात असे नाही. पुष्कळांची खरोखरच अडचण असते, आणि ती साखळीमुळे येते. परदेशातल्या एखाद्या कंपनीचे काम गुडगावच्या एजन्सीला मिळते, ती ते पुण्यातल्या छोट्या एजन्सीला देते, ती ते पूर्वीच्या एका लेखकाला देते, आणि तो आता स्वतःला ‘कंटेंट हेड’ म्हणवत असल्यामुळे प्रत्यक्ष लेखन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थिनीकडून करून घेतो. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर दर घटत जातो. पैसे न आल्याची बातमी तेवढी अखंड आणि न घटता तळापर्यंत पोचते. ‘आम्हालाच क्लायंटकडून आले नाहीत, ताई’ हे वाक्य साखळीतील प्रत्येक जण खालच्याला सांगतो आणि प्रत्येकाच्या तोंडी ते थोडेफार खरेही असते. तरीही, आपला वरचा बुडवील ही जोखीम दलाली घेणाऱ्याने सोसायची असते, कारण त्याची दलाली त्याच जोखमीची असते. ती खाली ढकलून दलाली स्वतःकडे ठेवणे ही अडचण नसून सोय आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी लोकांना खुले केले आणि या शास्त्रात एका नव्या सबबीची भर पडली. ‘तुमचा लेख एआयने लिहिलेला आहे, आमच्या डिटेक्टरने ७८ टक्के दाखवले’ असे सांगितले की पैसे न देणाऱ्याची बाजू नैतिक ठरते आणि लेखकाला आपण मनुष्य असल्याचा पुरावा शोधत बसावे लागते. डिटेक्टर म्हणजे मजकूर माणसाचा की यंत्राचा याचा अंदाज बांधणारे यंत्र. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे एक यंत्र काढले होते; ते एआयचा मजकूर शंभरात सव्वीस वेळा ओळखत असे, माणसाचा मजकूर शंभरात नऊ वेळा यंत्राचा ठरवत असे, आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते कंपनीने मागे घेतले. यावर ग्राहकाला सुचण्यासारखा साधा उपाय असा, की लेख यंत्राचा असेल तर तो वेबसाइटवर लावू नये. पण लेख लागलेला असतो, त्याखाली ‘ॲडमिन’ असे नाव असते, आणि ७८ टक्के यंत्राच्या त्या लेखाला गुगलने पहिल्या पानावर जागा दिल्याचा आनंदही ग्राहकाने इतरत्र जाहीर केलेला असतो.

येथवर दोष ग्राहकाचा झाला. उरलेला भाग लेखकाच्या गद्यशैलीचा आहे, आणि व्यवहाराचे मर्म तिथेच दडलेले आहे. जो लेखक अनोळखी वाचकाला दीड हजार शब्दांत आयुर्विमा घ्यायला प्रवृत्त करतो, त्याच्याच्याने ‘माझे पैसे पाठवा’ हे तीन शब्द लिहवत नाहीत. त्याचे स्मरणपत्र काहीसे असे असते : ‘नमस्कार सर, कसे आहात? घरी सगळे ठीक ना? त्रास देतोय, सॉरी. ऑगस्टच्या बिलाची सहज आठवण करून देत होतो. घाई नाही, जमेल तसं बघा.’ यात पाच गोष्टी मागितल्या आहेत, त्यांपैकी चार म्हणजे कुशल, घरच्यांचे कुशल, क्षमा आणि सवड. पैसे फक्त सूचित आहेत. ग्राहक नेमका ‘घाई नाही’ एवढाच भाग शब्दशः घेतो. या दोन शब्दांचा मोबदला शब्दामागे हिशेब करून काढला, तर मराठीत इतके महागडे शब्द दुसरे कोणी लिहिले नसतील.

या शैलीची मुळे घरात आहेत. आपल्याकडे पैशाचा विषय काढणे हे हलकेपणाचे लक्षण मानले जाते. वाणसामानाच्या दुकानात सुटे दोन रुपये मागून घेणारा गृहस्थ, दोन महिने थकलेले अठरा हजार मागताना मात्र आपणच उसने मागायला आल्यासारखा अवघडतो. भीड भिकेची बहीण, ही म्हण त्याला पाठ असते, किंबहुना म्हणींवरचा लेखही त्याने साठ पैसे दराने लिहिलेला असतो आणि त्याचेही पैसे यायचे असतात. तिसऱ्या-चौथ्या स्मरणानंतर ग्राहकाचा फोटो दिसेनासा होतो, संदेशापुढे एकच खूण राहते, आणि लेखकाला कळून चुकते की आपला नंबर ब्लॉक झाला आहे. तरीही तो पाचवे स्मरणपत्र ईमेलने पाठवतो, त्यात ‘कदाचित माझा आधीचा संदेश आपल्यापर्यंत पोचला नसावा’ अशी पळवाट ग्राहकाला तोच काढून देतो.

विनोदाची खरी कमाल मात्र ग्राहकही करत नाही आणि लेखकही करत नाही. ती करव्यवस्था करते. ठरावीक प्रकारच्या देणेदारांनी व्यावसायिकाच्या फीमधून दहा टक्के रक्कम आधीच कापून सरकारजमा करायची असते, तिला टीडीएस म्हणतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाची फी ५०,००० रुपयांवर गेली की ही कपात लागू होते. ती रक्कम प्रत्यक्ष देताना किंवा हिशेबाच्या वहीत जमा दाखवताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा करायची असते. परिणाम असा होतो, की ग्राहक लेखकाचे बिल वहीत मांडतो, खर्च दाखवून स्वतःचा नफा कमी करतो, दंडाच्या भीतीने दहा टक्के सरकारला भरतो, आणि उरलेले नव्वद टक्के प्रोसेसमध्ये ठेवतो. लेखक आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपले करविवरण, ज्याला लोक २६एएस म्हणून ओळखतात, उघडून पाहतो तेव्हा त्यात ग्राहकाचे नाव, ‘दिलेली किंवा जमा केलेली रक्कम’ ६०,००० आणि कापलेला कर ६,००० असे स्वच्छ छापलेले असते. सरकारदरबारी त्याला पैसे मिळालेले असतात. ते तेवढे त्याच्या बँकेला माहीत नसते. निराश होऊन हे पान बंद करणारे पुष्कळ आहेत, आणि ते चुकतात, कारण ग्राहकाने आपणहून दिलेला देण्याचा कबुलीजबाब म्हणून त्या ओळीइतका उपयोगी कागद दुसरा मिळणे कठीण.

लेखकाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली आणि त्याला जीएसटीची नोंदणी करावी लागली, की प्रकरण अधिक रंगते. सेवेवरील हा कर सर्वसाधारणपणे बिल केल्याच्या तारखेला देय होतो, पैसे आल्याच्या तारखेला नव्हे. म्हणजे लाखाचे बिल थकले तरी त्यावरचे अठरा हजार लेखकाने स्वतःच्या खिशातून वेळेवर भरायचे. ग्राहक त्या अठरा हजारांची वजावट आपल्या करातून घेतो. अशा रीतीने न मिळालेल्या पैशांवरचा कर लेखक भरतो आणि न दिलेल्या पैशांवरची सवलत ग्राहक उपभोगतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ही वजावट व्याजासह परत करावी लागते, असा नियम आहे खरा. ज्या लेखकांना तो माहीत आहे त्यांच्या स्मरणपत्रांतून ‘घाई नाही’ हे शब्द गळालेले आढळतात.

कायद्याने लेखकाला वाऱ्यावर सोडले आहे, ही समजूत म्हणूनच तपासून पाहण्यासारखी आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो, आणि हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर त्याला लेखी व सहीचा कागद लागतो. ‘नोटेड’ एवढ्या उत्तराने तो हस्तांतरित होत नाही. त्याहून धारदार शस्त्र म्हणजे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. या कायद्याखाली नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँकदर सहा टक्के धरला तर व्याज अठरा टक्के झाले, आणि ते कमी करण्याची मुभा करारानेही मिळत नाही. तक्रार राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचे तर ग्राहकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ साली आयकर कायद्यात झालेल्या आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, अशा उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. सूक्ष्म उद्योगाची सध्याची व्याख्या यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल अशी असल्याने, जुना लॅपटॉप, वाकलेली खुर्ची आणि शब्दाला साठ पैसे एवढ्या भांडवलावर चालणारा उद्योग तीत आरामात बसतो.

परदेशी ग्राहकापुढे यातले फारसे चालत नाही. न्यूयॉर्क शहराने फ्रीलान्सरांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला आहे, तो १५ मे २०१७ पासून लागू असून ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या कामाला लेखी करार आणि तारीख ठरलेली नसल्यास काम संपल्यापासून तीस दिवसांत पैसे अशी त्यात तरतूद आहे. पण नाशिकहून तेथे दाद मागायची तर विमानाचे तिकीटच दाव्याच्या रकमेपेक्षा मोठे होईल. म्हणून अपवर्कसारख्या मंचांवरची एस्क्रो पद्धत, म्हणजे काम सुरू होण्याआधी ग्राहकाचे पैसे मध्यस्थाच्या ताब्यात ठेवण्याची सोय, दलाली मोजूनही स्वस्त पडते. ‘मंचाबाहेर या, दोघांचेही कमिशन वाचेल’ असा प्रेमळ प्रस्ताव येतो तेव्हा ग्राहकाचे वाचते हे खरे. कमिशनच काय, सगळेच वाचते.

सराईत बुडव्याचे गणित या सर्व कायद्यांहून साधे असते : प्रत्येक देणे वसुलीच्या खर्चापेक्षा लहान ठेवायचे. कोणाचे तीन हजार, कोणाचे चार हजार आठशे, आणि असे चाळीस लेखक. वकिलाच्या नोटिशीला लागणारे पैसे बुडालेल्या पैशांइतकेच असल्यामुळे प्रत्येक जण आपापल्या जागी गप्प बसतो, आणि चाळीस जणांची गाठ पडत नाही. लेखकाने मात्र वकिलाच्या नावाला इतके बिचकण्याचे कारण नाही, कारण परिषदेकडचा अर्ज वकिलाविना, स्वतःच भरता येतो, आणि साधा दावा लावायचा झाला तरी केलेल्या कामाच्या मोबदल्याची मुदत तीन वर्षांची असते.

उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे जुने व्यापारी म्हणत आणि दुकानावर तशी पाटी लावत. लेखकाने निम्मे पैसे आगाऊ मागावेत, दर, तारीख आणि फेरफारांची संख्या ईमेलने कळवून होकार घ्यावा, आणि स्मरणपत्रात प्रकृतीची चौकशी करू नये. सूक्ष्म उद्योग म्हणून करायची ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर, पॅन जोडून, ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. ती पहिले काम हाती घेण्याआधी केलेली असावी, पैसे बुडाल्यानंतर केल्यास जुन्या बिलांना तिचा आधार मिळेलच असे नाही.